सुजाता माझ्याआधी शाणी झाली

काल सुजाता गेली. आणि मी आजही तिच्यावर जळतेय.

मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. ज्यांना गोड वाचायचंय त्यांनी तिच्या वॉलवर जावं, तिथे सकाळपासून नुसता पाक वाहतोय.

रत्नागिरीत बी.ए.ला आम्ही एका बाकावर. स्पेशल इंग्लिश.

मी शहरातली, घरी इंग्लिश पेपर येणारी. ती देवरूखच्या पलीकडच्या एका वाडीतली, कॉलेजसाठी मिरजोळ्याला मामाकडे राहायची.

इंग्लिश मला यायचं आणि मार्क तिला पडायचे. हे कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या वर्षी एक गोष्ट होती अभ्यासाला. अमेरिकेच्या दक्षिणेकडची, जुनी, नावाजलेली. तिथलीही माती लाल. एक तेरा वर्षांची मुलगी, आई, धाकटी भावंडं. बाप लांब उत्तरेला कारखान्यात. उन्हाळ्यात तो घरी येतो, थोडे दिवस राहतो आणि परत जातो. बस, एवढीच गोष्ट.

मॅडमनी आल्या आल्या विचारलं, "कमिंग ऑफ एज. मराठीत काय म्हणाल?"

मी ताडकन उठले. "प्रौढत्वात पदार्पण!"

आदल्या दिवशी डिक्शनरी पालथी घातली होती त्यासाठी.

शेजारून सुजाता बसल्या बसल्या म्हणाली, "शाणी होनं."

अख्खा वर्ग फुटला. मागची मुलं तर बाक बडवायला लागली. मुलीची पाळी सुरू झाली की आमच्याकडे बायका हळूच म्हणतात ना, 'शाणी झाली गो', तोच शब्द तिने भर वर्गात काढला होता.

मला काय आनंद झाला सांगू! म्हटलं, पडली एकदाची तोंडावर.

मॅडम हसल्या नाहीत. फळ्याकडे वळल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शाणी'. 'शहाणी' असं शुद्धसुद्धा केलं नाही.

"अंगानं मोठं होणं आणि अक्कल येणं, दोन्ही एकाच शब्दात," म्हणाल्या. "इंग्लिशला हे जमलेलं नाही."

माझं पदार्पण तसंच लटकत राहिलं.

मग त्यांनी विचारलं, "ही मुलगी नेमकी कधी मोठी होते?"

माझा हात परत वर. "बाप निघून जातो तेव्हा."

"नाय मॅडम," सुजाता. "ती आयशीला रोज इचारायची, बापूस कधी येनार. मग एक दिवस इचारायचं सोडलान. तेवाच झाली शाणी."

होतं तसं पुस्तकात. मधल्या कुठल्याशा पानावर, एका ओळीत. मी ती ओळ वाचून सरळ पुढे गेले होते.

तिचे वडील मुंबईला वॉचमन होते. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचे. माझे बाबा रोज संध्याकाळी मासे घेऊन दारात हजर. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला तिचे वडील घरी नसण्याचाही हेवा वाटला.

पुढेही तेच. शिक्षिकेची नोकरी तिला आधी लागली. लग्न तिचं आधी झालं, तेही स्वतः जमवलेलं. शाळेतली पोरं तिच्यावर जीव टाकायची. माझ्या वर्गातली मला घाबरायची.

गेल्या महिन्यात तिला भेटायला हॉस्पिटलमध्ये गेले. उशीत नुसते डोळे उरले होते. तरी मी विचारलंच, "काय म्हणतात डॉक्टर? घरी कधी सोडणार?"

तिने माझा हात धरला आणि हसली.

"अजून इचारतेस? कधी शाणी होनार गो तू?"

मी तिथेच रडायला लागले. आजारी ती, आणि डोळे पुसायचे कोणाचे, तर माझे. तेही तिनेच पुसले.

आज बघावं तर जो तो लिहितोय, 'माझी बेस्ट फ्रेंड गेली.' कोणी ट्रेनिंगला भेटलेली, कोणी बिल्डिंगमधली, कोणी नवऱ्याच्या ऑफिसमधली.

कोण आहेत हे लोक?

यांच्यातल्या कोणी तिच्याशी कधी महिनाभर अबोला धरलाय का? हिला मागे टाकायचं, या एका हट्टापायी कोणी बी.एड. केलंय? गुडघे फोडून घेत स्कूटर शिकलंय?

मी केलंय हे सगळं. ती माझी होती. तिच्यावर जळायचा हक्क माझा एकटीचा होता आणि आता तिच्यासाठी रडायचा हक्क गावभर वाटला जातोय. मला सहन होत नाहीये.

आणि आता मी कोणाच्या पुढे जायला धडपडू, तेही कळत नाहीये.

श्रद्धांजली वाहायला बाकीचे आहेत.

माझ्याकडून, सुजे, भावपूर्ण जळफळाट.