गतिरोधक, सहा सिलिंडर आणि कलम चौथे

डहाणूतील आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला गतिरोधक हे माझ्या अकरा पत्रांचे फळ होते, हे मी प्रारंभीच नमूद करतो. कारण पुढील हकिकतीत तो माझ्याच विरुद्ध साक्षीला उभा राहतो.

ही अकरा पत्रे मी लिहिली ती शेजारच्या जीपवाल्यामुळे. हा गृहस्थ पहाटे सहाला तलासरीच्या फेरीसाठी गल्लीतून अशा वेगाने निघे, की आमच्या खिडकीतील तांब्या-भांडे एकमेकांशी बोलू लागे. मी त्याला दोनदा तोंडी आणि एकदा लेखी समज दिली. "काका, पाशिंजर उभे असतात ना," एवढेच त्याचे लेखी-तोंडी उत्तर. मग मी रस्त्यांच्या कार्यालयाला लिहू लागलो आणि चौथ्या वर्षी डांबराचा टेम्पो आला. गतिरोधक तयार झाला तेव्हा मी स्वखर्चाने नारळ फोडला. त्याआधी मुकादमाला बाजूला घेऊन म्हणालो होतो, "आणखी एक थर टाका. याला हा पुरणार नाही." तीस वर्षे न्यायालयात लिपिक म्हणून काढलेल्या माणसाने सरकारी कामात आयुष्यभरात एकच गोष्ट तोंडी सांगितली, ती ही.

पुढे जीपवाल्याने त्या उंचीविरुद्ध अर्ज केला, तेव्हा त्यावर मी हरकत नोंदविली. "ज्या चालकास हा गतिरोधक जाचक वाटतो, त्याने वाहनाचा नव्हे, स्वतःच्या स्वभावाचा दोष तपासावा," हे वाक्य मला त्या वेळी फार आवडले होते. अर्ज फेटाळला गेला.

निवृत्तीनंतर मी रोज तलासरीला जातो. तेथे कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर एक बाक आहे. पाड्यांवरून आलेल्या माणसांचे दाखल्यांचे आणि सातबाऱ्यांचे अर्ज मी तेथे बसून विनामूल्य लिहून देतो. तत्त्वाचा प्रश्न असल्याने शेजाऱ्याच्या जीपमध्ये बसणे शक्य नव्हते. बसने जात असे, आणि बस कधी येई, कधी येत नसे; त्या विषयावरची माझी फाईल निराळी आहे. तेव्हा मोटार घ्यावी, असे ठरले. पत्नीच्या मनात एक छोटी, उंच, समजूतदार गाडी होती. माझ्याही मनात तीच होती. पण नंतर बोर्डीला एका चिकूच्या वाडीत मी ती दुसरी पाहिली.

जर्मन बनावटीची, गर्द निळी, सहा सिलिंडरची, बारा वर्षांची. वाडीची मालकीण ऐंशी उलटलेली पारशी बाई. मुलगा परदेशी गेल्यापासून गाडी शेडमध्ये उभी. बाईंनी किल्ली फिरविली आणि आतून जो आवाज आला, त्याला मी आजतागायत कायद्याच्या भाषेत बसवू शकलेलो नाही. अडुसष्टाव्या वर्षी मला ती हवीशी वाटली. याचे याहून सबळ कारण माझ्याकडे नाही.

"दिकरा, पैशाचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. या वयात मला दिकरा, म्हणजे बेटा, म्हणणारे आता कोणी उरलेले नाही. "पहिले एक सांग. रोज चालवशील के? घोडो बांधून ठेवला तर लंगडो होते."

"रोज चालवीन."

"बस. तू बोलला, मी ऐकलं."

येथे कोणताही शहाणा मनुष्य गप्प बसला असता. मी म्हणालो, "असे तोंडी नको. लिहून देतो." आणि मुद्रांक कागदावर मी स्वतःच कलम चौथे रचले: खरेदीदाराने पहिले नव्वद दिवस सदर वाहन प्रतिदिन आपल्या निवासस्थानाच्या फाटकाबाहेर काढून चालवावे; एक दिवसही खंड पडल्यास घेतलेली रक्कम परत देऊन वाहन परत घेण्याचा अधिकार विक्रेतीस तिच्या इच्छेनुसार राहील. बाईंनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. "तू स्वतःवरच केस करते के?" त्यांनी विचारले, आणि सही केली.

बोर्डीहून डहाणूपर्यंत समुद्राच्या कडेने, सुरूच्या झाडांमधून गाडी आली ती तरंगत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुढची चाके गतिरोधकावरून उतरली, मागची चढली नाहीत, आणि पोट मधोमध टेकले. मी किंचित पाय दिला. सहा सिलिंडर गरजले, मागची चाके जागच्या जागी फिरली आणि जळक्या रबराचा वास सुटला.

जीपवाला फेरीवरून परतून ओट्यावर हातपाय धूत होता. तो सावकाश चूळ भरून आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि खाली वाकून पाहिले.

"काका, ब्रेकर भारी काम करतो हं. एकदम स्पीड झीरो."

मी काच वर घेतली.

त्यानेच चार माणसे बोलावून गाडी उचलून काढली, हे मला नमूद केले पाहिजे. "अशी सरळ नाय घालायची," तो म्हणाला, "खालचं ऑइलचं चेंबर फुटेल. तिरकी घाला, एक-एक चाक. आणि माणसं उतरवा." मग जवळच्या एका वाडीतून चिकूच्या खोक्यांच्या जाड फळ्या आणून दिल्या.

तेव्हापासून आमचा सकाळचा विधी ठरला. पत्नी मासळीसाठी बाजारापर्यंत माझ्यासोबत येई. गतिरोधकापाशी ती पिशवी घेऊन उतरे, दोन फळ्या टेकवी, पलीकडे जाऊन उभी राही आणि वाहतूक पोलिसासारखे हात करी. "अहो, डावं. डावं म्हणजे तुमचं डावं." मागे दुसऱ्या फेरीला निघालेली जीप थांबलेली असे. तिच्यातले उतारू खाली उतरून हे पाहत आणि जीपवाला त्यांना म्हणे, "थांबा जरा, सायबांची स्पोर्टकार डोंगर चढते."

तलासरीच्या बाकावरही निराळे नव्हते. "बाबा, ही गाडी अशी बसकी का?" एका म्हातारीने विचारले. "चिखलात बसलेल्या म्हशीवानी दिसते. उठत नाय का ती?" मी तिला सांगितले, की उधव्याच्या चढावर ये, मग दाखवितो. परतीच्या वेळी तिला आणि तिच्या सुनेला घेऊन गेलो. सरळ, मोकळ्या पट्ट्यावर जरा पाय दिला. मागून आवाज आला, "बाबा, उतरव. मला काय कचेरी गाठायची घाई नाय." त्या चढावर मी जो आनंद भोगला तो कलम चौथ्याचे पालन म्हणून भोगला.

रोज नऊ वाजता बाईंचा फोन येई. "आज काढली के?" "काढली." "बोलते कशी?" मी ध्वनिवर्धक चालू करून इंजिन ऐकवी. त्या ते ऐकून घेत आणि फोन ठेवीत.

परंतु फळ्या झिजू लागल्या, आणि एके दिवशी खालून जो करकर आवाज आला त्याने माझा संयम संपला. मी टेप घेऊन गतिरोधक मोजला. नियमाप्रमाणे उंची दहा सेंटिमीटर हवी. ही अठरा भरली. अशी बेकायदेशीर रचना भर वस्तीत उभी राहते आणि कोणाला लाज वाटत नाही! त्याच दुपारी मी चार पानी तक्रार पाठविली.

आठवड्याने उत्तर आले. कार्यालयांना उत्तरे देण्यास लागणारा वेळ मला ठाऊक आहे. इतक्या तत्परतेत आनंद असतो. माझ्या अकरा पत्रांचे आवक क्रमांक ओळीने दिलेले होते. त्याखाली मुकादमाचा जबाब: "वाढीव थर अर्जदाराच्या तोंडी सूचनेवरून." आणि शेवटी अवतरणचिन्हांत: "ज्या चालकास हा गतिरोधक जाचक वाटतो, त्याने वाहनाचा नव्हे, स्वतःच्या स्वभावाचा दोष तपासावा." उंचीविरुद्धचा मूळ अर्जदार आणि त्यावरचा हरकतदार यांनी संयुक्त संमती दिल्यास उंची कमी करता येईल, असे कळविले होते.

संयुक्त म्हणजे जीपवाल्यासह. मी मसुदा घेऊन त्याच्या ओट्यावर गेलो. त्याने तो वाचला नाही.

"सही देतो काका. पण एक ओळ टाका. ब्रेकर तुम्ही उंच केलात, असं."

"ते मुकादमाच्या जबाबात आहे."

"तुमच्या अक्षरात पाहिजे."

मी ओट्यावर बसूनच ती ओळ लिहिली. त्याने बायकोला बोलावून ती तिला मोठ्याने वाचून दाखविली, मग सही केली आणि चहा दिला. चहा चांगला होता.

एकसष्टाव्या दिवशी सकाळी मी फाटक उघडले, तो गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक नव्हता. त्याच्या जागी भर रस्त्यात आडवा खड्डा होता, पलीकडे खडीचा ढीग, आणि तोच मुकादम. "उद्या खुला होईल रस्ता," तो म्हणाला. गल्लीला दुसरे तोंड नाही. माझ्या अर्जाला यश आले होते, आणि त्या यशाने कलम चौथ्याचा भंग होत होता.

पत्नी म्हणाली, "एक दिवस. बाईंना कुठे कळणार आहे?" खोटे बोलण्याचा विचार माझ्या मनात आला नाही असे म्हणत नाही, तो आला, आणि मी त्याला बसायला सांगितले नाही. नऊला फोन वाजला. "आज काढली के?" मी म्हणालो, "नाही. भंग झाला आहे. लेखी कळवितो."

"लेखी नको. मी येते."

तासाभरात बाई रिक्षाने खड्ड्यापाशी आल्या. जीपवाल्याने त्यांना हात धरून फळीवरून अलीकडे आणले. त्यांच्या हातात करारनामा होता आणि दुसरी किल्ली. मी अंगणात उभा होतो. गाडी धुवून ठेवली होती; परत द्यायची वस्तू मळकी देऊ नये.

बाई तिच्यात जाऊन बसल्या. स्टिअरिंगवर नव्हे, बाजूला. "चालू कर."

मी केली.

"फाटक उघड. बाहेर घे."

"बाई, बाहेर खड्डा आहे."

"खड्ड्यापर्यंत घे ना."

मी गाडी फाटकाबाहेर काढली, दहा-बारा फूट नेली आणि खड्ड्याच्या अलीकडे थांबविली. बाईंनी कागद माझ्यापुढे धरला. "वाच. किती लांब चालवायचं, लिहिलं के?"

लिहिलेले नव्हते. माझ्या मसुद्यात अंतर नव्हते. मी घाम पुसला आणि म्हणालो, "परंतु हा शब्दांचा आधार झाला. कराराचा हेतू पाहता—"

"दिकरा," बाई म्हणाल्या, "तू जिंकला. आता चूप बस."

जीपवाला खिडकीशी वाकला. "काका, लाँग ड्राइव्ह कसा झाला?"

बाई पाऊण तास उतरल्या नाहीत. पत्नीने चहा गाडीतच दिला. इंजिन चालू होते आणि त्यांनी डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी मी नवा गतिरोधक मोजला. दहा सेंटिमीटर, नियमानुसार. पत्नीला उतरावे लागले नाही. गाडी त्यावरून अशी गेली, की खाली काही आहे हेच कळले नाही. मागोमाग जीप, तीही न थांबता, हॉर्न वाजवीत. संध्याकाळी परततानाही आधी गाडी, मागोमाग जीप; खिडकीतील तांब्या-भांडे पुन्हा बोलू लागले, असे पत्नीने सांगितले.

मी तत्काळ कागद घेतला. विषय: वस्तीतून अतिवेगाने जाणारी वाहने. खाली वाहनक्रमांकांसाठी रकाना आखला. पत्नी मासळी निवडीत होती. तिने मान वर केली नाही.

"जीप मागे होती," ती म्हणाली. "पहिला नंबर कुणाचा लिहिताय?"

पत्र अजून टेबलावर आहे. आज गाडीचा एकोणनव्वदावा दिवस.