सातवी स्लाइड

या गोष्टीचा शेवट मी शेकडो लोकांना सांगितला आहे. सुरुवात कुणालाच नाही — बायकोलासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका, मलाही धड ठाऊक नाही.

कुवेतमधल्या मराठी मंडळींत मी 'जपानवाला' म्हणून ओळखला जातो. जपानला मी आयुष्यात एकदाही गेलेलो नाही! इथल्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्सचा इंजिनिअर म्हणून चार वर्षं एका जपानी कंपनीबरोबर काम केलं, तेवढ्या भांडवलावर व्याख्यानं झोडतो. 'जपानकडून काय शिकावं.' बारा स्लाइड्स आहेत. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यावं. मीटिंगला दहा मिनिटं आधी पोचावं. समोरचा गप्प बसला तर लगेच बडबडू नये, तो तुम्हाला बोलायला जागा देत असतो. लोक वह्या काढून लिहून घेतात.

सातव्या स्लाइडवर एक हात आहे, व्हॉल्व्हकडे बोट दाखवणारा. इथे मी आवाज खाली आणतो आणि सांगतो, आमच्या एका फिटरने ही पद्धत पाळली नाही, हसण्यावारी नेली, आणि दोन्ही डोळे गमावले. हॉल चिडीचूप होतो. स्लाइड्स माझ्या मुलीने करून दिल्या. "बाबा, दिस वन इज सो पॉवरफुल," असं ती म्हणाली होती.

त्या फिटरचं नाव मनोहर घाग. संगमेश्वरजवळचा. माझ्याच वयाचा, आणि हाताला असा चोख की त्याने बसवलेला जोड कधी ठिबकला नाही.

पद्धत साधी होती. कुठलाही पाइप उघडण्याआधी दोघांनी व्हॉल्व्हपाशी उभं राहायचं. एकाने हात सरळ ताणून बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं — "व्हॉल्व्ह बंद, बरोबर!" दुसऱ्याने स्वतः बघून तेच पुन्हा म्हणायचं. आम्हाला हे शिकवलं त्या जपानी कंपनीच्या नागाई-सान यांनी; 'सान' म्हणजे आपलं 'साहेब'. पन्नाशी उलटलेला किडकिडीत माणूस, कॉलरचं बटण लावलेला, भर उन्हात उभा राहून लोखंडाशी बोलायचा.

मला हसू यायचं. आणि नकला करण्यात तर माझा हातखंडा. नागाई-सान वळले रे वळले, की मी चहाच्या टेबलावर समोशाकडे हात ताणायचो — "समोसा गरम, बरोबर!" पोरं लोळायची. त्यात काय एवढं, असं तुम्हालाही वाटेल. मलाही तेच वाटलं होतं.

फक्त मनोहर हसायचा नाही. त्याने ती गोष्ट मनावर घेतली होती. व्हॉल्व्हपाशी छाती पुढे काढून, गावच्या देवळात गाऱ्हाणं घालावं तशा खणखणीत आवाजात ओरडायचा. मग काय, आयतंच सापडलं गिऱ्हाईक! मी त्याचं नाव 'जपानचा जावई' ठेवलं. तो आला की मी हात ताणून म्हणायचो, "जावई हजर, बरोबर!" पुढे पुढे तर मला काही करावंच लागत नसे, बाकीचेच सुरू व्हायचे.

आधी त्याचा आवाज बसला. मग हात कमरेपर्यंतच उठायला लागला. एक दिवस तोही उठला नाही.

मी ते पाहिलं. आणि मला बरं वाटलं. आपण जिंकलो, असं वाटलं. कुणाशी जिंकलो? कशात?

ऑगस्ट होता. कातडी जाळणाऱ्या कॉस्टिक सोड्याची लाइन उघडायची होती, दोन बाजूंना दोन व्हॉल्व्ह, दोन्ही बंद हवे होते. त्या दिवशी बघणारा दुसरा माणूस मी होतो. नियमाने मी त्याच्या शेजारी उभं राहायला हवं होतं. मी पिकअपमध्ये एसी लावून बसलो आणि 'व्हॉल्व्ह तपासले' अशा कामाच्या परमिटवर तिथेच सही केली. एक व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता. मनोहरने जोडाचा दुसरा बोल्ट सैल केला आणि गरम कॉस्टिक चष्म्याखालून थेट डोळ्यांत गेलं. त्याची किंकाळी मला बंद काचेतून ऐकू आली.

दोन दिवसांनी इस्पितळात गेलो. डोळ्यांवर पट्ट्या होत्या. माझा आवाज त्याने ओळखला.

"सायेब, बोट दाखवलं नाय मी त्या दिवशी. लोक हसायचे ना, म्हणून सोडलं. माझंच चुकलं."

लोक. ते लोक कोण, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तरी तो 'लोक' म्हणाला. मी त्याचा हात थोपटला आणि बाहेर आलो.

चौकशीला आम्ही टेबलाभोवती पाच जण होतो. मला विचारलं, हा माणूस पद्धत पाळत होता का? माझी पाचावर धारण बसली होती. नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा — पण असू दे, कारणं सांगायला मी बसलेलो नाही. मी म्हणालो, "मी त्याला रोज सांगत होतो. स्वतः जाऊन बघायचो. तो हसण्यावारी न्यायचा."

माझं हसू मी त्याच्या तोंडावर चिकटवलं.

नागाई-सान समोर होते. माझ्या नकला त्यांनी पाहिल्या नसतील का? पाहिल्या होत्या. ते काहीच बोलले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. ते मला बोलायला जागा देत होते. मी ती वापरली नाही. मग ते उठले, कमरेतून वाकले, आणि म्हणाले, "मला नीट शिकवता आलं नाही. चूक माझी आहे." महिन्याभरात कंपनीने त्यांना जपानला परत बोलावून घेतलं.

कागदावर कारण पडलं: कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. तो कागद घेऊन मनोहर गावी गेला. त्याला तो दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवला असणार. कुणी? बायकोने? मी कधी विचारलं नाही.

गेल्या शुक्रवारी इथल्याच सबाह अल-सालेम भागात माझं व्याख्यान झालं. पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका इंजिनिअर मुलीने विचारलं, "सर, पण त्या फिटरने का नाही पाळलं?" मी म्हणालो, "काही माणसं शिकतच नाहीत." टाळ्या पडल्या.

फिंतासला घरी आलो तर मनोहरच्या बायकोचा फोन. वर्षातून एकदा ती करते, खुशाली विचारायला. म्हणाली, "भावोजी, हे अजून शेगडी बंद केली की बोट करून ओरडतात. गॅस बंद, बरोबर! दिसत नाय काय नाय. वाडीतली पोरं हसतात. आता मात्र ऐकत नायत कुणाचं."

मग त्याने फोन घेतला. आवाज तोच, खणखणीत.

"सायेब, तुमी करता ना अजून? बोट दाखवून?"

"हो," मी म्हणालो.

मी एकदाही केलेलं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा व्याख्यान आहे, आणि सातवी स्लाइड मी अजून काढलेली नाही.