रुईचा चीक

त्या दुष्काळात गावात रुई तेवढी हिरवी होती. केशरी फुलपाखराच्या अळ्या तिच्यावरच वाढतात. त्या मला कॉलेजच्या प्रयोगासाठी हव्या होत्या, म्हणून माय मदतीला आली. पान खुडताना चीक उडून तिच्या डोळ्यात गेला. रुईच्या चिकाने डोळा जातो, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी तिला धरून घरी आणलं. बंद पडलेल्या दूध सोसायटीच्या कॅनमध्ये टँकरचं उरलेलं पाणी होतं. मी ते तिच्या डोळ्यावर ओतू लागलो.

“आरं, मंग पिऊ काय? बस कर!”

“माय, डोळा उघडा ठेव.”

कॅन रिकामा झाला.

“दिसतंय का?”

“धुरकट हाय.”

बीडच्या दवाखान्यापर्यंत, बसमध्ये, तिचा चांगला डोळा हाताने झाकून मी तिला बाहेरची झाडं ओळखायला लावत होतो.