पंख टाकून बसलेली

कढीपत्त्यावरच्या प्रार्थनाकीटकाच्या पंखाशी मोहरीएवढा काळा ठिपका दिसला. धूळ समजून मी फुंकर मारणार, तोच जीवशास्त्र शिकवणारी माझी बहीण ओरडली, "दादा, थांब!" भिंगातून बराच वेळ बघून ती हळूच म्हणाली, "परजीवी गांधीलमाशी आहे रे. हा प्रार्थनाकीटक मादी आहे; ती अंडी घालेपर्यंत माशी तिला चिकटून राहणार. मग अंड्यांभोवतीचा फेस ओला असतानाच त्यात स्वतःची अंडी सोडणार."

"तोवर कंटाळून उडून गेली तर?"

"कशानं उडेल? इथं चढल्यावर पंख गाळून टाकलेत तिनं."

साताऱ्याला जायचं तरी मी परतीचं तिकीट आधी काढतो. ओठांशी आलेली फुंकर गिळली, आणि नंतर कितीतरी वेळ श्वाससुद्धा जपून घेत राहिलो.