काकूंचा हात आणि माझा पहारा

माझा राग नाकाच्या शेंड्यावर, असं आई म्हणते, आणि ते खोटं नाही. नवीन जालन्यात बियाणं तपासणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथल्या उगवण-पेटीचा प्रोग्राम मी लिहिलाय. बी ओल्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवायचं, पंचवीस अंशांवर किती उगवतं ते बघायचं, एवढंच काम. गेल्या उन्हाळ्यात ती पेटी मधूनच तापायला लागली. लावलेलं तापमान आपोआप बदलायचं आणि शेतकऱ्यांनी विश्वासानं दिलेलं बी भाजून निघायचं.

हे सुरू झालं ते काकू त्या पेटीवर कामाला आल्यापासून. काकू परतूरकडच्या, पन्नाशीच्या. नवरा गेल्यावर घर त्यांच्याच जिवावर.

"तापमानाच्या बटणाला हात लागत असेल तुमचा," मी म्हटलं.

"न्हाई हो मॅडम, मी कशाला लावू?"

"मग भुतानं लावला का?"

हे मी चारचौघांत बोलले. प्रयोगशाळेच्या साहेबांनी ऐकलं आणि काकूंना सांगून टाकलं, पुढच्या महिन्यापासून येऊ नका. काकू रडल्या नाहीत. "आधी बराबर बघा तरी," एवढंच म्हणाल्या.

मंग बघतेच, म्हटलं. पेटीला लॅपटॉप जोडला आणि वॉचपॉइंट लावला. वॉचपॉइंट म्हणजे पहारा. मेमरीच्या ज्या घरात तापमान ठेवलंय, तिथे काहीही नवं लिहिलं गेलं की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो आणि लिहिणारी ओळ दाखवतो. खरं सांगू? मला काकूंनाच पकडायचं होतं. साहेबांनाही मुद्दाम बोलावलं.

काकूंनी पेटीवर नव्या नमुन्याची नोंद टाइप केली, एंटर दाबलं, आणि प्रोग्राम थांबला. तापमानाचं बटण त्यांच्या हातापासून चांगलं लांब होतं. समोर आलेली ओळ बटणाची नव्हतीच. ती शेतकऱ्याचं नाव साठवणारी होती, माझ्या हातची. नावाला मी वीसच अक्षरांची जागा ठेवली होती. जास्तीची अक्षरं शेजारी, तापमानाच्या घरात सांडत होती. बाकीचे आडनाव ठोकून मोकळे व्हायचे. काकू मात्र आधी श्री लावायच्या, वडलांचं नाव घालायच्या, पुढे राव, पाटील, सगळं.

"त्यांनी बी दिलंय," त्या म्हणाल्या, "नुसतं नाव कसं लिहावं?"

अगं बाई गं! धरणी दुभंगावी असं झालं मला. "चूक माझी आहे," मी साहेबांना म्हटलं, तेही चारचौघांतच. काकूंची नोकरी राहिली. ती ओळ दुरुस्त करायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. माफी मागितली तर त्या म्हणाल्या, "असू द्या मॅडम, होतं असं."

त्याला आता वर्ष होत आलं. पेटी बिलकुल बिघडलेली नाही. पण मी तिकडून नुसती गेले तरी काकू हातातलं काम सोडतात, दोन्ही हात पाठीमागे घेतात आणि म्हणतात, "बघून घ्या मॅडम, मी हात लावला न्हाई."