तीन डबे आणि महिनाअखेर

दुपारी डबे उघडले की आधी भाजीचा वास येतो आणि मागोमाग घरची काळजी! हडपसरला आमच्या ऑफिसात बिलिंगला आम्ही तिघी. मी, शबाना आणि मंगलताई. तिघींच्या घरची मुलं वाढत्या वयाची, पगार मात्र जागच्या जागी. त्यामुळे जेवताना विषय एकच, मुलांच्या पोटात काय घालायचं! बोलता बोलता इतके किस्से साठलेत की डबा संपतो, ते संपत नाहीत.

मंगलताई इथल्याच, शेतकरी घरातल्या. भाजी घ्यायला जायच्या ते बाजार उठता उठता. एकदा मीही सोबत गेले. त्यांनी मेथीच्या जुड्या इतक्या उलट्यासुलट्या केल्या की भाजीवाला वैतागला.

"मावशी, सकाळी येत जा. ताजी मिळंल!"

"सकाळी भाव बी ताजा असतोय!"

त्यांची जुडी चांगली निघाली. माझी अर्धी पिवळी! उरलेल्या मेथीत चौघांचं भागवताना मला घाम फुटला.

शबानाच्या नवऱ्याचं काम सुटलं आणि नेमकी तेव्हाच तिची झोया आजारल्यासारखी दिसायला लागली. शाळेतून आली की नुसती आडवी. तपासलं तर रक्त कमी! शबानाच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर म्हणाले, "डाळिंब, खजूर, अंजीर, बदाम द्या."

"डॉक्टर, यातलं कुठलं तरी एकच सांगा ना."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बरं. गोळ्या मात्र चुकवू नका. आणि मोड आलेली मटकी, शेंगदाणे, पालेभाजी. वर लिंबू पिळा."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"हे सांगितलं की लोकांना फी वाया गेल्यासारखी वाटते!"

माझा निनाद नाचणीकडे बघायचासुद्धा नाही. त्याचं वजन वाढेना, मी रडकुंडीला आलेले. शेवटी नाचणीच्या घावनांना 'चॉकलेट डोसा' म्हणून डब्यात दिलं. संध्याकाळी डबा चाटूनपुसून रिकामा! मला कोण आनंद!

तर हा म्हणतो, "आई, उद्या खूप दे. मला एकपण नाही मिळाला!"

मी पिठाचा डबा उघडून बघत बसले. नवरा म्हणाला, "आता काय झालं? मुलगा खात नाही, हेच टेन्शन होतं ना?"

"आता अख्खा वर्ग खातोय!"

मंगलताईंचा रोहित पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पळायचा, घामाघूम होऊन यायचा. अंडी, दूध, केळी, कितीही आणा, कमीच. त्याच सुमारास मंगलताईंचे उपवास वाढले. आधी नुसता सोमवार होता, मग शनिवार आला, मग मधले वारही. जेवायला आमच्यासोबत बसायच्या, पण पुढ्यात फक्त पाण्याची बाटली. विचारायचं तरी कसं?

एकदा चढताना जिन्यातच चक्कर येऊन बसल्या. आम्ही दोघींनी धरून वर आणलं.

"काय नाय गं, ऊन लागलंय," म्हणाल्या. डिसेंबर चालू होता!

दुसऱ्या दिवशी पुन्हा बाटलीच. मी नुसतं बघितलं, तर म्हणाल्या, "गुरुवार हाय माझा."

शबानाने आपला डबा उघडून त्यांच्यापुढे सरकवला. पोळ्या आणि मटकीची उसळ. "ताई, हा तुम्ही संपवा. आज माझा रोजा आहे. सवयीने डबा भरला गेला."

"अगं, अकराला माझ्यासमोर चहा प्यालीस की!" मंगलताई म्हणाल्या.

"आणि ताई, आज बुधवार आहे," शबाना म्हणाली.

मी आपली माझ्या डब्यात बघत राहिले. मग मंगलताईंनी हळूच एक पोळी उचलली, तिचे दोन भाग केले आणि मोठा भाग शबानापुढे धरला.

"आधी तू तुझा रोजा सोड."

"तुमचा गुरुवार सुटू द्या, मग सोडते!"