सशांच्या डोळ्यांतले थेंब

सशाला काचबिंदू सहसा आपोआप होत नाही. आम्ही तो करायचो. यवतमाळच्या एका औषधशास्त्र कॉलेजात शिकत असताना माझं काम तेवढंच. ससा टॉवेलात गुंडाळून काखेत धरायचा, डोळ्यांत स्टेरॉइडचे थेंब सोडायचे, आणि डोळ्यांतला दाब चढला की तो उतरवायचं नवं औषध तपासायचं. दाब चढला की सर पेढे आणायचे. पिंजऱ्यांना मुताचा दर्प आणि हातात पेढा! शिसारी यायची मला.

ती कापसाच्या पडझडीची वर्षं. माझ्या मामाजींनी शेती भावाकडे सोपवून दारव्ह्यात वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. काळा चष्मा खुंटीला आणि ठिणगीसमोर उघडा डोळा, ही आमच्याकडची मर्दुमकी. मग डोळे जळायला लागले की त्यावर बटाट्याच्या चकत्या, आणि वरून मेडिकलवाल्यानं दिलेले ‘थंडे थेंब’.

दिवाळीला गेले तेव्हा ती बाटली त्यांच्या खिशात दिसली. नाव वाचलं. औषध तेच, सशांचं.

“कधीपासून टाकता हे?”

“दुकान टाकलं तवापासून. लय थंड वाटते.”

“मामाजी, यानंच आम्ही सशांना काचबिंदू करतो.”

“सशाचे डोये अन माह्ये डोये एकच हायेत काय वं?”

सगळं घर हसलं. तेवढ्यात मामाजींनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला, तो फुटला, त्यावरही हसले.

मी त्यांना ओढतच यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी दाब मोजला आणि कपाळाला हात लावला. डावा डोळा गेल्यात जमा, उजव्याच्या नजरेच्या कडा गेलेल्या. गेलेली नजर परत येणार नव्हती. हे थेंब बंद करून उरलेली सांभाळायची होती. आमच्या सशांचा दाब नेमानं मोजला जायचा. मामाजींचा एकदाही कुणी मोजला नव्हता.

परतताना मी मेडिकलवाल्याला गाठलं. “चिठ्ठीशिवाय हे औषध देता कसे?”

“लोकायले आराम पडते, म्याडम. मंग काहून नाही द्याचं?” असं म्हणून त्यानं नवी बाटली काढून मामाजींच्या हातात कोंबली. “घ्या मामाजी, पैसे राहू द्या.”

मी ती हिसकावून नालीत फेकली. थुंकावंसं वाटलं त्याच्या काउंटरवर.

मामाजी माझ्यावरच भडकले. “माणसानं प्रेमानं देल्लं, अन तू फेकतं?” मग त्यांनी हात जोडले. “लेकरू हाय भाऊ, मनावर घेऊ नका.”

मेडिकलवाला डावीकडे उभा होता. मामाजी औषधांच्या कपाटाची माफी मागत होते.